आत्याला पाठ असलेलं कपाट

दांडिया बाजार, बडोदे
रविवार, रात्रीचे अकरा

प्रिय मंद्या,

तुझं पुस्तक वाचून संपलं, पण इतक्यात परत मिळणार नाही. ते आत्याने पळवलंय. का, ते सांगतो.

मालिकेचा दुसरा भाग म्हणजे लग्न झालंय आणि सत्यनारायण व्हायचाय असा मधला दिवस, असं तू म्हणाला होतास. रेचल केनच्या ‘पेपर अँड फायर’ला (२०१६) ते पहिल्या पन्नासेक पानांपुरतं लागू आहे. कवायत, शिस्त, पुन्हा कवायत. मी दोनदा बाजूला ठेवलं. पण नायक जेसला कळतं की मेलेला म्हणून ज्याचं दुःख केलं तो मित्र थॉमस जिवंत आहे, कैदेत आहे, आणि तिथून मी रात्री दोनपर्यंत जागा.

थॉमसचा गुन्हा काय, तर छपाईयंत्र! अलेक्झांड्रियाचं ग्रंथालय जळलंच नाही, उलट जगावर हुकूमत गाजवतंय, ही कल्पना पहिल्या भागात नुसती गंमत वाटली होती. या भागात तिचा काटा टोचतो. ते ग्रंथालय कंजूष नाही रे. कोऱ्या पानांचं पुस्तक हातात घे, मागशील तो ग्रंथ त्यात उमटतो. फक्त मूळ प्रत घरात ठेवायची नाही. आणि उमटतं ते त्यांना उमटू द्यायचं असेल तेवढंच. जो भरभरून देतो त्याच्याकडे ‘काय दिलं नाहीस’ असं विचारायला जीभ रेटत नाही. माझ्या फोनवर विकत घेतलेलं एक पुस्तक मागे असंच एके दिवशी गायब झालं. तक्रार केली तर उत्तर आलं की तुम्ही पुस्तक नाही, वाचायची परवानगी घेतली होती. तुझ्या या प्रतीवर मात्र तुझ्या पेन्सिलीच्या खुणा आहेत, चहाचा डागही आहे. ही कुणी मागे घेऊ शकत नाही. (आत्या सोडून.)

आता भांडण. सगळा दोष वरच्या एका खुर्चीवर, त्या ग्रंथालयाच्या महाग्रंथपालावर, टाकलाय हे तुला आवडलं होतं, ‘शत्रू स्पष्ट आहे’ म्हणून. मला तीच उणीव वाटली. बडोद्यात राहून हे पटत नाही.

आपल्या गावात वरच्या खुर्चीने उलटंच केलं होतं. बारा वर्षांचे होईपर्यंत अक्षरओळख नसलेला कवळाण्याचा मुलगा १८७५ साली दत्तक येऊन सयाजीराव गायकवाड म्हणून गादीवर बसला, आणि १९०६ साली त्याने सगळ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं. १९१० साली अमेरिकेहून ग्रंथपाल बॉर्डन साहेबांना आणून ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. पुस्तकांच्या पेट्या भरून गावोगाव जायच्या. मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीतली ती काचेची जमीन आठवते? वरच्या मजल्याचा उजेड खालच्या कपाटांपर्यंत झिरपावा म्हणून केलेली. लहानपणी आपण त्यावर पाय ठेवायला घाबरायचो. तू जास्त.

त्याच सयाजीरावांनी १९१३ साली आंबेडकरांना शिष्यवृत्ती देऊन कोलंबिया विद्यापीठात पाठवलं. १९१७ साली ते नोकरीवर रुजू व्हायला इथे आले, तर राहायला खोली मिळेना. पारशी नाव सांगून पारशांच्या धर्मशाळेत राहिले, आणि अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या जमावाने बाहेर काढलं. मग कामाठी बागेत तासन्‌तास बसून राहिले, रात्रीच्या गाडीने मुंबईला गेले. त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय हे. मंद्या, त्या दिवशी कुठल्या महाग्रंथपालाने हुकूम काढला होता? हुकूम तर उलटा होता. आपण ज्या बागेत सेव उसळ खाऊन लोळायचो, तीच ही बाग. शाळेच्या सहलीत आम्हाला तिथली टॉय ट्रेन दाखवली, आंबेडकर ज्याखाली बसले असं सांगतात ते झाड नाही.

हे सगळं मी जेवताना तावातावाने बोलत होतो. आत्या ताक ढवळत ऐकत होती. म्हणाली, “आपल्या माडीवरचं कपाट आठवतं का रे?”

आठवतं म्हणजे काय! आजोबांचं शिसवी कपाट, काचेची दारं, किल्ली जानव्याला. मुलींनी कादंबऱ्या वाचायच्या नाहीत, एवढाच नियम. आजोबा दुष्ट नव्हते; आत्याला त्यांनीच सायकल घेऊन दिली होती. पण आत्या काचेतून पुस्तकांच्या नुसत्या पाठी वाचायची. आज तिने मला वरच्या खणापासून खालपर्यंत, डावीकडून उजवीकडे, सगळी नावं म्हणून दाखवली. एकही न अडखळता. त्यातलं वाचलं किती, असं विचारलं तर म्हणाली, “आण्णा गेल्यावर कपाट रद्दीत गेलं. मी सासरी होते.”

मग माझ्या हातातून तुझं पुस्तक घेतलं आणि खोलीत गेली. इंग्रजी वाचायला तिला वेळ लागतो, डोळ्यांचंही ऑपरेशन झालंय. मी मधून मधून गोष्ट सांगायला गेलो तर हाकलून लावते. आत्ता अकरा वाजताही तिच्या दाराखालून उजेड दिसतोय.

तेव्हा तगादा लावू नकोस. आणि तिसरा भाग तुझ्याकडे असेल तर कुरियर कर, पण पाकिटावर माझं नाही, तिचं नाव घाल.

तुझा,
अन्या

ता. क. – पान उलटताना ती तुझ्या पेन्सिलीच्या खुणांवर वैतागते. म्हणते, हा मुलगा शेवटचं आधीच फोडतो.