मांजरे उचलू नका, नसबंदीला पावसाळ्यापर्यंत मुदत द्या : सांगलीकरांना मदतीचे आवाहन

सप्रेम नमस्कार.

सांगलीत कृष्णाकाठापासून जवळच असलेल्या एका सरकारी आवारात आजमितीस 38 मांजरे राहतात. आवाराचे नाव आम्ही मुद्दामच लिहीत नाही, कारण नाव लोकांना कळले की दुसऱ्याच दिवशी फाटकाशी आणखी चार पिल्ले सोडलेली दिसतात, असा आमचा अनुभव आहे. मान्सूनपूर्व साफसफाईच्या कामाबरोबरच ही मांजरेही ‘उचलून टाकण्याचा’ विचार चालू असल्याचे गेल्या महिन्यात आम्हाला तोंडी सांगण्यात आले. उचलून कोठे नेणार, कोण नेणार आणि कशातून नेणार, या तीन प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर मिळाले नाही. आम्ही काही रहिवासी, दोन निवृत्त शिक्षक आणि आवारासमोरचे चहावाले मिळून संबंधितांना भेटायला गेलो, तेव्हा पावसाळ्यापूर्वी सर्व मांजरांची नसबंदी होत असेल तर उचलण्याचे थांबवू, असा शब्द मिळाला. तोही तोंडीच. त्या शब्दाच्या भरवशावर आम्ही कामाला लागलो आहोत आणि मुदतीत काम पुरे व्हावे म्हणून आपणापुढे हात पसरत आहोत.

ही मांजरे तेथे आली कशी, हे गावभागातल्या माणसांना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट 2019 मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी 57 फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी 45 फुटांची आहे. मारुती चौक, टिळक चौक, हरभट रोड पाण्याखाली होते आणि माणसे हातात येईल ते घेऊन घराबाहेर पडली होती. गुरे सोडवता आली, कुत्री मागोमाग पोहत आली, पण मांजर माणसाच्या मागे जात नाही. ते वर चढते. कौलांवर, माळ्यांवर, गच्चीवरच्या टाक्यांवर बसून राहिलेली मांजरे पाणी ओसरल्यावर खाली उतरली, तेव्हा कित्येक घरांना कुलपे होती आणि उंदीर मात्र सगळीकडे झाले होते. त्यातली काही या आवारात स्थिरावली. 2021 च्या जुलैत पुन्हा पूर आला आणि त्यांच्यात भर पडली. म्हणजे आज ‘उपद्रव’ म्हणून ज्यांची मोजदाद होते आहे, त्यांतली बरीच आपल्याच घरांतल्या मांजरांची चौथी-पाचवी पिढी आहे.

दुसरा मार्ग पुराइतका दयनीय नाही, लाजिरवाणा आहे. घरच्या भाटीला पिल्ले झाली की डोळे उघडायच्या आत ती मिठाईच्या खोक्यात घालून रात्री फाटकाशी ठेवून जाणारे लोक आहेत. ‘तिथे त्यांना खायला घालतात’ असे ते स्वतःला समजावत असावेत. आईवेगळे पंधरा दिवसांचे पिल्लू कोणीही काही घातले तरी बहुतेक वेळा जगत नाही, आणि जगलेच तर पाच-सहा महिन्यांत तेच पुढच्या पिल्लांची आई होते. उपासमार होईल अशा स्थितीत प्राण्याला सोडून देणे हा प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणाऱ्या 1960 च्या अधिनियमाच्या कलम 11 नुसार गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याला दंड मात्र 10 ते 50 रुपये, जो कित्येक दशके तेथेच राहिला. इतक्या पैशांत आज त्या खोक्यातली मिठाईसुद्धा येत नाही.

आता उचलण्याविषयी. मांजरांना दुसरीकडे नेले तर प्रश्न मिटेल, हा समज सरळ वाटतो, पण मांजर त्या जागेला धरून राहते ते तिथल्या अन्नामुळे आणि आडोशामुळे. या आवारात जुन्या कागदपत्रांच्या खोल्या आहेत, मागे उपाहारगृहाचा उकिरडा आहे, आणि भिंतीपलीकडे धान्याची गोदामे आहेत. जोवर उंदीर आहेत आणि उकिरडा उघडा आहे, तोवर रिकामी झालेली जागा आसपासच्या गल्ल्यांतली मांजरे भरून काढतात. नवे बोके येतात, हद्दीसाठी रात्रभर भांडतात, भिंतींवर मुततात आणि नसबंदी न झालेल्या माद्यांना पुन्हा पिल्ले होतात. मांजराचा गर्भकाळ साधारण नऊ आठवड्यांचा असतो आणि पिल्ले अंगावर पीत असतानाही मादी पुन्हा गाभण राहू शकते, म्हणून वर्षाच्या आत आकडा पुन्हा होता तेथे येतो आणि पुन्हा उचलण्याचे काम काढावे लागते. याउलट नसबंदी झालेले, लस टोचलेले मांजर आपली जागा सोडत नाही, नव्याला सहसा शिरू देत नाही आणि आपल्या आयुष्याबरोबर संपते. याला वेळ लागतो, हे आम्ही नाकारत नाही.

वाहतुकीचा मुद्दा तर सरळ कायद्याचा आहे. प्राण्यांच्या वाहतुकीसंबंधी 1978 च्या नियमांत कुत्री आणि मांजरे यांच्यासाठी स्वतंत्र प्रकरण आहे. त्यानुसार नेण्यापूर्वी पशुवैद्यकाने प्राणी तपासून तो प्रवासाला योग्य असल्याचे पाहायचे असते. दिवस भरत आलेली गाभण मादी नेता येत नाही. अंगावर पिणारी पिल्ले आपल्या आईखेरीज दुसऱ्या मोठ्या प्राण्यांबरोबर ठेवता येत नाहीत. पोत्यात घालून टेम्पोत टाकायचे आणि घाटाच्या वळणावर किंवा एखाद्या नाल्याच्या काठी सोडायचे, हे या नियमांत कोठेही बसत नाही. 38 मांजरे पोत्यांत भरणाऱ्याने त्यांत गाभण किती आणि दूध पाजणाऱ्या किती, हे पाहिलेले असेल, यावर आमचा विश्वास नाही. एखादे मांजर ठार केले वा अपंग केले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 325 खाली पाच वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे, हेही कंत्राट देणाऱ्यांनी आणि घेणाऱ्यांनी लक्षात घ्यावे.

बोलण्याच्या ओघात सर्वोच्च न्यायालयाच्या 7 नोव्हेंबर 2025 च्या आदेशाचाही दाखला आम्हाला देण्यात आला. शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बस स्थानके, रेल्वे स्थानके अशा ठिकाणांविषयीचा तो निर्देश भटक्या कुत्र्यांबाबत आहे; महामार्गांवरच्या मोकाट गुरांचाही त्यात उल्लेख आहे. मांजरे उचलावीत असे त्यात म्हटलेले नाही. कुत्र्यांच्या प्रश्नावर सांगलीत कोणाचे काय मत आहे, यात आम्हाला आज शिरायचे नाही. पण एका प्राण्याविषयीचा आदेश दुसऱ्याला लावून मोकळे होणे बरोबर नाही. 2023 च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांचा मोठा भाग कुत्र्यांविषयीच असला, तरी कोणाच्याही मालकीच्या नसलेल्या, वस्तीत जन्मलेल्या प्राण्यांना ते ‘समुदायातील प्राणी’ मानतात आणि त्यांना खायला घालण्याची जागा मुलांच्या खेळण्यापासून, जिन्यापासून आणि येण्याजाण्याच्या वाटेपासून दूर, आपसांत ठरवून घ्यावी, असे सांगतात. आम्ही त्याच रीतीने वागू पाहत आहोत.

उचलण्याचा निर्णय झाला असेल तर तो कोणाच्या सहीने, कोणत्या तरतुदीखाली आणि किती खर्चाने झाला, हे विचारणारा माहिती अधिकाराचा अर्ज आम्ही 10 रुपये शुल्क भरून दिला आहे. मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची हा प्रश्न आमच्यापुढे नाही, पण मांजराच्या कागदावर सही कोणी करायची हा प्रश्न समोरच्या बाजूला नक्की पडलेला दिसतो.

आवारातल्या कर्मचाऱ्यांच्या तक्रारी खोट्या आहेत, असे मात्र आम्ही कधीही म्हणणार नाही. दप्तरखान्यात मांजराने घाण केली की ती साफ करणाऱ्या मावशींना त्रास होतो. बोक्यांच्या मुताचा वास पावसाळ्यात जात नाही. एका महिला कर्मचाऱ्याने गरोदरपणात मांजरांच्या विष्ठेमुळे टोक्सोप्लाझ्मा या जंतूचा धोका असतो, असे सांगितले, ते खरे आहे; अशा वेळी विष्ठेला हात न लावणे, बागकामात हातमोजे घालणे आणि हात धुणे ही काळजी घ्यावीच लागते. मांजर चावले किंवा ओरखडले तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुऊन लगेच दवाखाना गाठला पाहिजे, कारण रेबीज मांजरापासूनही होऊ शकतो. चूक आमचीही झाली. पूर्वी आमच्यापैकी काहीजण दूध-चपाती पानावर टाकून निघून जात, त्यावर मुंग्या आणि माश्या येत, आणि पायऱ्या निसरड्या होत. मोठ्या मांजरांपैकी पुष्कळांना दूध पचत नाही, त्यांना जुलाब होतात, आणि मग दप्तरखान्यातल्या घाणीचा दोष मांजराचा की दूध घालणाऱ्याचा, हे ठरवणे कठीण जाते. गेल्या दिवाळीपासून दूध पूर्ण बंद आहे. सकाळी साडेसहा आणि संध्याकाळी सात या दोनच वेळी, मागच्या भिंतीकडे, ताटल्यांत खाणे दिले जाते आणि अर्ध्या तासात ताटल्या उचलल्या जातात. वाळूचे दोन हौदही त्याच कोपऱ्यात केले आहेत आणि ते रोज साफ होतात.

झालेले काम असे. 38 पैकी 17 मांजरांची नसबंदी झाली आहे. शस्त्रक्रियेच्या वेळी भूल उतरण्यापूर्वीच डाव्या कानाचे टोक सुमारे एक सेंटिमीटर सरळ कापतात, त्यामुळे लांबूनही ओळखता येते आणि तेच मांजर पुन्हा पकडले जात नाही. कान कापलेले मांजर दिसले तर ते जखमी आहे असे समजू नये, त्याचे काम झालेले आहे. उरलेल्या 21 मांजरांत 12 माद्या आणि 9 बोके आहेत. आमच्या पशुवैद्यकांनी सांगितलेल्या दराप्रमाणे, भूल, औषधे आणि नंतरच्या दिवसांचा मुक्काम धरून, मादीमागे 2,200 आणि बोक्यामागे 1,300 रुपये खर्च येतो, म्हणजे माद्यांचे 26,400 आणि बोक्यांचे 11,700. सर्व 38 मांजरांना रेबीजची लस टोचायची आहे, तिचे प्रत्येकी 300 प्रमाणे 11,400 होतात. आपोआप दार पडणारे तीन पिंजरे कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीतून करून घ्यायचे आहेत, त्यांचे 10,500. एकूण 60,000 रुपये. त्यापैकी 22,500 रुपये सभासदांनी आणि शेजाऱ्यांनी दिले आहेत. 37,500 रुपये कमी पडतात.

रक्कम आमच्या समितीच्या हातात देऊ नये, अशी आमची विनंती आहे. शस्त्रक्रियेचे आणि लसीचे पैसे थेट पशुवैद्यकांच्या दवाखान्यात भरावेत आणि मांजराचा क्रमांक लिहिलेली पावती घ्यावी. पिंजऱ्यांचे पैसे बनवणाऱ्याला द्यावेत. क्रमांकांची यादी आणि जमा-खर्च चहाच्या गाड्यावरच्या फळ्यावर दर रविवारी लावला जातो. आयकरात सवलत मिळणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो. एका बोक्याचे 1,300 एकट्याला जड जात असतील तर चौघांनी मिळून एक बोका घ्यावा; गेल्या महिन्यात एका सोसायटीतल्या मुलांनी खाऊच्या पैशांतून तसे केले, आणि त्या बोक्याचे नाव ‘वर्गणी’ ठेवले.

पैशांइतकीच माणसांची गरज आहे. पकडण्याच्या आदल्या रात्रीपासून खाणे बंद ठेवावे लागते आणि पहाटे सुकट किंवा बांगड्याचे डोके लावून पिंजरा मांडतात. मांजर आत गेले की पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली तर अंधारात ते शांत राहते. हे सगळे करायला पहाटे साडेपाचला येणारी आणि पिंजरा रिक्षातून दवाखान्यात नेणारी माणसे लागतात. शस्त्रक्रियेनंतर बोका एक दिवस आणि मादी तीन दिवस कोठेतरी बंदिस्त, कोरड्या, गरम जागी ठेवावी लागते. ज्यांच्याकडे रिकामी खोली, न्हाणीघर किंवा बंद गच्ची असेल त्यांनी तेवढी द्यावी. जुने टॉवेल, वर्तमानपत्रे आणि मासळी बाजारातली उरलेली डोकी चालतील. माणसाची कोणतीही गोळी आजारी मांजराला देऊ नये. पॅरासिटामॉल मांजराला मारक आहे, आणि चांगल्या हेतूने दिलेल्या गोळीने आम्ही एक मांजर गमावले आहे.

बारा माद्यांपैकी तिघी सध्या पिल्लांना पाजत आहेत, म्हणून त्यांना शेवटी घ्यावे लागेल. त्यांची अकरा पिल्ले दोन महिन्यांची होताच ज्यांना घरात घ्यायची असतील त्यांनी आत्ताच नाव सांगून ठेवावे. पिल्ले देताना पुढे नसबंदी करण्याची लेखी हमी घेतली जाईल, आणि पुराच्या वेळी घर सोडावे लागले तर त्यांना बरोबर नेण्यासाठी झाकणाची टोपली घरात आहे का, हेही आम्ही विचारू. कृष्णा चढू लागली की मिरजेकडच्या किंवा विश्रामबागेतल्या नातेवाइकांकडे जाणाऱ्यांपैकी ज्यांना जागा आहे, त्यांनी या वर्षी आवारातल्या अशक्त मांजरांसाठी आठ-दहा दिवसांचा आसरा देता येईल का, ते कळवावे.

पुढची पकडण्याची फेरी येत्या रविवारी पहाटे आहे. यायचे असेल त्यांनी मागच्या फाटकाकडे, अंगावर गडद रंगाचे कपडे आणि पायांत आवाज न करणाऱ्या चपला घालून यावे, बरोबर कुत्रे आणू नये आणि पिंजरा पडल्याचा आवाज येईपर्यंत बोलू नये.

आपले,
आवारातील मांजरांची काळजी घेणारे नागरिक, सांगली