‘दुरुस्तीसाठी’ की ‘सुट्या भागांसाठी’?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जुन्या कचेऱ्या आणि घरे पुनर्विकासासाठी रिकामी होताना माळ्यावरून ज्या वस्तू विक्रीला निघतात, त्यांत साठ-सत्तरच्या दशकांतले टेबलावरचे इलेक्ट्रॉनिक कॅल्क्युलेटरही असतात. ‘बंद अवस्थेत, दुरुस्तीसाठी किंवा सुट्या भागांसाठी, जसे आहे तसे’ हे त्यांच्या जाहिरातीतले ठरलेले वाक्य. यातल्या ‘किंवा’ने मला चांगलाच खड्ड्यात घातले.

गेल्या वर्षी मी चौदा आकडी जपानी कॅल्क्युलेटर अशाच जाहिरातीवरून घेतला. आकड्यांपुढच्या काळसर काचेमागे काय आहे, हे छायाचित्रात दिसत नव्हते. घरी झाकण उघडले, तर चौदांपैकी सहा निक्सी नळ्या कटरने मुळाशी कापून नेलेल्या; बोर्डावर तारांचे खुंट तेवढे उरलेले. निऑन वायूत एकामागे एक रचलेल्या तारेच्या दहा आकड्यांपैकी हवा तो नारिंगी उजळवणाऱ्या या नळ्यांना, त्यांची घड्याळे बनवणाऱ्या हौशी मंडळींमुळे, आज चांगला भाव आहे. त्या काढून विकायलाही माझी हरकत नाही. काही यंत्रे तेवढ्याच लायकीची उरलेली असतात. मात्र उरलेला सांगाडा ‘दुरुस्तीसाठी’ म्हणून खपवणे ही लबाडी आहे. विक्रेत्याला विचारले, तर त्याने ‘जसे आहे तसे’वर बोट ठेवले.

शिवाय ट्रान्सफॉर्मर जळालेला होता. मागच्या पट्टीवर ‘100 व्होल्ट’ स्पष्ट छापलेले असताना कोणीतरी ‘चालतो का पाहू’ म्हणून तो आपल्या 230 व्होल्टला जोडला असणार. जपानमधली घरगुती वीज 100 व्होल्टची असल्याने तिथल्या बाजारासाठी बनलेले यंत्र इथे थेट लावताच येत नाही. आणि पट्टीवर 230 असले, तरी पन्नास वर्षे पडून राहिलेल्या यंत्राचे कंडेन्सर, म्हणजे वीज साठवणारे भाग, बहुधा सुकलेले असतात. जाणता कारागीर ते आधी तपासतो आणि मग प्रवाहाला आवर घालणारा सिरीज बल्ब मध्ये जोडतो किंवा डिमरस्टॅटने, म्हणजे दाब कमी-जास्त करता येणाऱ्या ट्रान्सफॉर्मरने, विजेचा दाब हळूहळू वाढवत नेतो. त्यामुळे ‘लावून पाहिले, चालत नाही’ असे वाचले की माझ्या छातीत धस्स होते.

यंत्र कोणत्या पिढीचे, यावरही बरेच अवलंबून असते. शार्पच्या 1964 सालच्या सीएस-10ए या 25 किलोच्या कॅल्क्युलेटरमध्ये 530 ट्रान्झिस्टर आणि 2300 डायोड होते, आणि किंमत 5,35,000 येन, म्हणजे तिथल्या मोटारीएवढी होती. अशा यंत्रातला एकेक ट्रान्झिस्टर तपासून बदलता येतो. काम किचकट असले, तरी होण्यासारखे आहे. त्याच कंपनीच्या 1969 च्या क्यूटी-8डीमध्ये मात्र हा सगळा पसारा चार चिपांत मावला, आणि त्यांतली एक गेली, तर तसलेच दुसरे यंत्र फोडण्यावाचून गत्यंतर राहत नाही. सुट्या भागांसाठी विकलेल्या यंत्राचे खरे मोल इथे कळते.

म्हणून विक्रेत्यांना विनंती, की झाकण उघडून आतल्या बोर्डाचे आणि मागच्या पट्टीचे छायाचित्र द्यावे, नळ्या मोजून सांगाव्यात आणि वीज जोडून पाहिली असल्यास तेही लिहावे.

माझा कॅल्क्युलेटर मी आता विकायला काढला आहे. जाहिरात अशी: ‘ट्रान्सफॉर्मर जळालेला, सहा नळ्या नाहीत, आठ आहेत पण तपासलेल्या नाहीत, कळा सर्व शाबूत, फक्त सुट्या भागांसाठी.’

आपला,
एक वाचक, पुणे