लिस्बनला निघणाऱ्या सदस्यांसाठी : सामान भरण्याआधी वाचा

पोर्तुगीज वर्गासाठी जुलैत निघणाऱ्यांनो, बॅग हलकी ठेवा. लिस्बनच्या जुन्या इमारतींत बऱ्याचदा लिफ्ट नसते. चौथ्या मजल्यावर बॅग तुम्हालाच न्यायची आहे.

आपल्याकडे तेव्हा पाऊस असेल, म्हणून कपडे नीट वाळवूनच भरा. दमट टॉवेल बॅगेत कोंबला की यजमानांच्या घरात पहिला शिरतो तो कुबट वास. तिथे दिवसा ऊन, पण रात्री वारा गार. एक पातळ स्वेटर पुरे.

खाण्याचं नीट ऐका. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ न्यायला बंदी आहे. म्हणजे चोरिस (गोव्याचं मसालेदार सॉसेज) नाही, पेढे नाहीत, आईने प्रेमाने कढवलेलं तूपही नाही. यजमानांसाठी भाजलेले काजू न्या, बंद पाकिटातले. हा शब्द आपण त्यांच्याकडूनच घेतला, बोलायला विषय मिळेल. खोबरेल तेलाची बाटली दोन पिशव्यांत बांधून मोठ्या बॅगेत ठेवा. माझी एकदा फुटली आणि सगळ्या वह्या तेलकट झाल्या.

आपली तीन पिनांची प्लग तिथे बसत नाही, अडॅप्टर लागेल. पॉवर बँक हातातल्या बॅगेतच. रोजची औषधं डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर औषधाचं मूळ (जेनेरिक) नाव हवं, नुसतं कंपनीचं नाही. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या बऱ्याच देशांचा मिळून एकच व्हिसा) किमान 30,000 युरोंचा विमा लागतो, त्याची छापील प्रत जवळ ठेवा.

रविवारी संध्याकाळी पाचला पणजीत नेहमीच्या जागी भेटू. वजनकाटा मी आणतो, बॅगा तुम्ही आणा.