कात्री लावू नकोस

क्योतो,
२२ नोव्हेंबर

प्रिय सुमे,

"किमोनोचं रेशीम मिळालं तर पाठव, मनूला कुर्ता बेतते," असं तू लिहिलं होतंस. काल २१ तारीख होती. तोजी देवळाच्या आवारात दर महिन्याच्या २१ला कोबो दाइशी या बौद्ध साधूंच्या पुण्यतिथीचा बाजार भरतो. तिथल्या जुन्या किमोनोंच्या ढिगातून तुझ्यासाठी एक काढलाय. उद्या पोस्टात टाकते. पण सुमे, त्याला कात्री लावू नकोस. हे पत्र मुख्यतः त्यासाठीच.

जांभळं चिरिमेन आहे, म्हणजे बारीक सुरकुतीचं रेशीम, त्यावर पांढऱ्या ठिपक्यांनी काढलेली 'असानोहा'ची नक्षी. असानोहा म्हणजे भांगेचं पान. त्या झाडाच्या सालीचा धागा काढून इथे पूर्वी कपडे विणत. झाड सरळ वाढतं आणि भराभर वाढतं, म्हणून तान्ह्या बाळाच्या अंगरख्यावर ही नक्षी घालायची पद्धत. ढीग उपसताना ही दिसली आणि मनूचे दिवस भरत आल्याचं आठवलं, मग दुसरं काही बघितलंच नाही. ठिपक्यांवरून बोट फिरव, आपल्या बांधणीसारखे उंचवटे लागतील. एकेक ठिपका दोऱ्याने हाताने बांधून मग रंगवलेला असतो. अख्खा किमोनो असा भरला तर गाठी लाखावर जातात.

आता शिवण बघ, तुझ्यासारखीला लगेच कळेल. एकही गोलाई नाही. साधारण ३६ सेंटिमीटर रुंद आणि १२ मीटर लांब अशा एकाच ताग्याच्या सरळ पट्ट्या, सगळ्या हाताने शिवलेल्या. गळ्याशी जास्तीचं कापडसुद्धा कापून टाकत नाहीत, आत दुमडतात. धुवायचा झाला की पूर्ण उसवायचा, पट्ट्या टोकाला टोक जोडून पुन्हा तागा करायचा, धुऊन ताणून वाळवायचा आणि परत शिवायचा. आईचा किमोनो मुलीच्या मापाचा होतो, मग अस्तर होतो. तुझ्या आजीच्या नऊवारीची गोधडी झाली होती, तसंच अगदी. शिवणीच्या आत दुमडलेला भाग उलगडून बघ, तिथे जांभळा रंग अजून नव्यासारखा आहे. कुर्त्यासाठी मुंढा गोल कापलास की ही सगळी वाट तिथेच बंद होते.

म्हणून माझं ऐक. दोन्ही बाह्या अंगापासून उसव. प्रत्येक बाहीची एकच पट्टी असते, उलगडली की साधारण मीटरभर लांब. दोन शेजारी शेजारी जोडल्यास की बाळाचं दुपटं तयार, काही न कापता. बाकीचं घडी करून मलमलीत बांधून ठेव, त्या पोरीचं किंवा पोराचं पुढे कधीतरी होईल. उसवायच्या आधी एकदा स्वतः घालून मात्र बघ. डावी बाजू वर घे हं, उजवी वर फक्त मयताला नेसवतात.

आणि पाणी लावू नकोस! चिरिमेन विणतात क्योतोच्या उत्तरेला तांगोमध्ये, १७२० पासून. तिथे म्हणतात, डबा विसरा पण छत्री विसरू नका. त्या दमट हवेत रेशीम तुटत नाही. बाण्याच्या धाग्याला मीटरमागे ३००० च्या आसपास पीळ देतात, विणल्यावर उकळतात, तेव्हा पीळ सुटू पाहतो आणि कापडावर ती बारीक सुरकुती येते. पुन्हा भिजलं की कापड आक्रसतं, म्हणून तर धुतल्यावर ताणून वाळवतात. माझ्या जुन्या चिरिमेनच्या जॅकेटवरचा डाग मी ओल्या फडक्याने पुसला होता, तेवढाच तुकडा चुरगळून बसला तो कायमचा. फार वाईट वाटलं होतं. तेव्हा दुपटं फक्त बारशाच्या दिवशी काढ, बाळाच्या अंगाखाली सुती कापड जाड घाल.

मला येता येणार नाही हे माहीतच आहे तुला. पाळण्यात घालाल तेव्हा व्हिडिओ लाव, इकडे रात्र असली तरी जागी राहीन. मनूला सांग, पायऱ्या जपून उतर. आणि नाव काय ठरलंय ते मला आधी नको कळवूस, त्या दिवशीच ऐकीन.

तुझीच,
विजू