समुद्राने घेतलेल्या जमिनीचा दावा कोणाकडे मांडायचा?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

समुद्राची पातळी वाढल्याने बेटे सोडावी लागणाऱ्या लोकांना आपल्याकडे सरसकट पूरग्रस्त समजले जाते. कृष्णा-दूधगंगाकाठच्या आम्हा लोकांना हे पटत नाही. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात चिकोडी-निपाणी भागातील घरे पडली, ऊस कुजला. पण पाणी ओसरल्यावर जमीन जागेवर होती आणि माणसे घरी परतली. बेटावरची जमीन परत मिळत नाही. त्या लोकांचे दुःख हिडकल धरणात ज्यांचे जुने हुन्नूर गाव बुडाले, त्यांच्या दुःखाच्या जवळचे आहे.

मात्र धरणग्रस्ताला दावा मांडण्यासाठी निदान सरकार समोर असते, आणि २०१३ च्या भूसंपादन कायद्याने त्याला भरपाईबरोबर पुनर्वसनाचाही हक्क दिला आहे. सुंदरबनातील घोडामारा बेटाचा निम्म्याहून अधिक भाग गेल्या काही दशकांत पाण्यात गेला. तिथे जमीन संपादन करणारा कोणीच नसल्यामुळे हा कायदा त्या शेतकऱ्याच्या उपयोगी पडत नाही. तिथून उठलेली कित्येक कुटुंबे शेजारच्या सागर बेटावर वसली, आणि आता तेही झिजत आहे! पंधराव्या वित्त आयोगाने जमिनीची धूप होऊन विस्थापित झालेल्यांच्या पुनर्वसनासाठी निधीची शिफारस केली, ही चांगली गोष्ट झाली. तरीही निधी म्हणजे हक्क नव्हे.

दुसरा प्रश्न गाव एकत्र राहण्याचा आहे. प्रशांत महासागरातील तुवालू या बेटांच्या देशाच्या नागरिकांना ऑस्ट्रेलियाबरोबरच्या करारानुसार दरवर्षी २८० जणांपुरता, तोही सोडतीने, प्रवेश मिळतो. म्हणजे गाव माणसामाणसाने रिकामे होणार. याउलट पनामातील गार्दी सुगदुब बेटावरची गुना या आदिवासी समाजाची सुमारे ३०० कुटुंबे जून २०२४ मध्ये मुख्य भूमीवरच्या एकाच नव्या वसाहतीत गेली. ही वसाहत किनाऱ्यापासून आत असल्याने मासेमारांची अडचण झाली, हे खरे. पण शेजार टिकला. धरणाखाली गेलेल्या गावांतील भावकी चार ठिकाणी विखुरली की पुढे लग्नकार्यापुरतीच भेटते, हे या जिल्ह्यात कोणालाही सांगावे लागत नाही.

बेळगाव आणि चिकोडीच्या खासदारांनी हा विषय संसदेत मांडावा, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. समुद्राने जमीन घेतलेल्यांना प्रकल्पग्रस्तांइतकेच हक्क कायद्याने मिळावेत आणि नवे गावठाण कुठे असावे, हे त्या ग्रामस्थांना विचारूनच ठरवावे.

आपला,
एक वाचक, निपाणी (जि. बेळगाव)