एफडी मोडू नका

वेसावे, मुंबई
जुलै अखेर

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

बाबा, बोटीच्या नव्या इंजिनासाठी एफडी मोडायचं म्हणालात, ते आधी डोक्यातून काढा. इंजिन गेलेलं नाही. गेला होता तो टाकीतलं डिझेल इंजिनाला पुरवणारा फीड पंप, आणि तो बदलूनही झाला. ताई, हे दोनदा वाचून दाखव. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने बाबांना पत्र वाचत बसू देऊ नकोस.

ऑईल वाढतंय म्हणजे इंजिन संपलं, हे तुमच्या मनात कुणी भरवलं देव जाणे. ऑईल मोजायची पट्टी काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर, बोटावर घेतलं तर पाण्यासारखं पातळ, वास डिझेलचा. पंपातला डायफ्राम, म्हणजे रबरी पडदा, फाटला की टाकीतून येणारं डिझेल लिव्हरच्या बाजूने खाली ऑईलच्या चेंबरमध्ये उतरतं. तसंच चालवत राहिलो असतो, तर मात्र पातळ ऑईलने बेअरिंग खाल्ली असती आणि तुमचं म्हणणं खरं झालं असतं.

रे रोडच्या दारुखाना बाजारातून पंप आणला. जुना सोबत नेला होता, कारण बाहेरून सारखे दिसणारे पंप लिव्हरच्या लांबीला आणि वाकाला वेगळे निघतात. मिस्त्रीने आधी टाकीचा कॉक बंद केला, मग इंजिन हाताने फिरवून पंपाचा लिव्हर ढकलणाऱ्या कॅमचा उंचवटा लिव्हरखालून बाजूला घेतला. तसं केलं नाही तर पंप स्प्रिंगशी झगडत बसतो आणि बोल्ट वाकडे धरतात. जुनं पॅकिंग खरवडलं, नवं त्याच जाडीचं घातलं, तांब्याचे वायसर नवे. डिझेलच्या नळ्यांतली हवा काढायला सगळ्यात जास्त वेळ गेला. पंपाचा हाताने मारायचा लिव्हर आधी हलेचना. इंजिन एक फेरा फिरवल्यावर हलला. मग फिल्टरच्या स्क्रूतून फेसाळ डिझेल, नंतर बुडबुडे, आणि शेवटी सलग धार. त्यानंतर इंजेक्शन पंप, मग नोझलचे नट. ऑईल आणि ऑईल फिल्टरही बदलले, ते चुकवून चालणार नव्हतं. पट्टीवर रोज लक्ष आहे, ऑईल खुणेवरच आहे.

जुना डायफ्राम उजेडात धरून वाकवला तेव्हा कडेला केसाएवढी भेग दिसली. एवढ्याशा रबरापायी तुम्ही एफडी मोडायला निघालात!

इलेक्ट्रिक पंप बसवा असं गल्लीत दोघातिघांनी सुचवलं. मी नाही म्हटलं. खाऱ्या हवेत वायरींचे जोड हिरवे पडतात, आणि बॅटरी बसली की भर समुद्रात डिझेलही बंद. आपला पंप इंजिन फिरतंय तोवर चालतो, त्याला दुसरं काही लागत नाही. तुम्हीही हेच म्हणाला असता.

१ ऑगस्टला मासेमारीची बंदी उठते. खलाशी आले आहेत, बर्फाचं बोलणं झालंय. आई, पूजेचा नारळ तुझ्याच हातचा हवा, पण डॉक्टर हो म्हणाले तरच बाबांना घेऊन निघ. एसटीने नको, मी गाडी पाठवतो. डोळ्यांचे थेंब चुकवू देऊ नकोस.

जुना पंप फेकलेला नाही. बॉडी आणि लिव्हर चांगले आहेत. डायफ्रामचं किट मिळालं की भरून बोटीवर स्पेअर ठेवतो.

तुमचा,
दिनू