जुने लेख पुसण्यापूर्वी

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

माझे यजमान २००३ पासून तीन वर्षे एका मराठी दैनिकाच्या इंटरनेट आवृत्तीत पुण्यातल्या वाड्यांवर सदर लिहीत. छापील अंकात ते कधी आले नाही, म्हणून घरात कात्रणही नाही. पुढे त्या दैनिकाने संकेतस्थळ नव्याने केले आणि जुने लेख गेले. ‘तो सर्व्हर बंद केला,’ एवढेच उत्तर मला मिळाले.

सॅन फ्रान्सिस्कोची ‘इंटरनेट अर्काइव्ह’ ही संस्था १९९६ पासून जगभरच्या संकेतस्थळांची पाने साठवते आहे. तिच्या ‘वेबॅक मशीन’मध्ये नातीने जुना पत्ता टाकला आणि एकोणीस लेख निघाले. उघडले तर नुसती रोमन अक्षरे आणि चिन्हे. सगळ्या संगणकांवर अक्षरे सारखी उमटवणारी ‘युनिकोड’ पद्धत रुळण्याआधी दैनिके आपापला फॉन्ट वापरत. तो नसला की मराठी उमटत नाही. जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरने बरेचसे सुधारले, पण रफार आणि जोडाक्षरे तुटलीच. रोज दुपारी मी ती हाताने जुळवते. फोटोंच्या जागी रिकामे चौकोन आहेत. शनिवार पेठेतल्या एका वाड्यातल्या हौदाचे वर्णन परवा पूर्ण लागले. तिथे आता सात मजली इमारत आहे.

हे सापडले ते नशिबाने. ती यंत्रणा प्रत्येक पानापर्यंत पोचत नाही, आणि संकेतस्थळाचा मालक तिला अडवूही शकतो. आपल्याकडे १९५४ च्या कायद्याने छापील पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला द्यावीच लागते. १९५६ पासून वर्तमानपत्रेही त्यात आली. ब्रिटनने २०१३ पासून तिथल्या संकेतस्थळांनाही असा नियम लावला. आपणही तो करायला हवा. इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जुनी दप्तरे गोळा केली, १९१० साली इथे भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले. त्याच पुण्यातले वीस वर्षांपूर्वीचे मराठी लेखन अमेरिकेत शोधावे लागते, याचे मला फार वाईट वाटते.

कायदा होईल तेव्हा होईल. संकेतस्थळ बदलताना जुने पत्ते चालू ठेवणे, निदान सगळी पाने उतरवून एखाद्या ग्रंथालयाकडे सोपवणे, हे दैनिकांना आजही करता येईल. आपल्या दैनिकाचे २०१० पूर्वीचे इंटरनेटवरचे लेख सध्या कुठे आहेत, ते वाचकांना कळवावे, ही विनंती.

आपली,
एक जुनी वाचक, सदाशिव पेठ, पुणे